खुळखुळा आणि बाईंची सायकल

दातवाल्याला एका जागी बसवत नसे, आणि पोटापाण्याचा धंदा मात्र असा मिळालेला, की दिवसभर स्टुलावरून उठायची सोय नाही. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हा त्यावरून दातांवर बसवायच्या कॅपा करून द्यायचा. भिंगाखाली एकेक दात कोरायचा, रंग चढवायचा, भट्टीत घालायचा आणि तो भाजून निघेपर्यंत खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत राहायचा. त्याची बायको औषधाच्या दुकानात कामाला होती. ती म्हणायची, "तुमच्या पायांना रजा म्हणून नाहीच. झोपेतसुद्धा पॅडल मारता तुम्ही."

पॅडल होती ती तीन वर्षांपूर्वी सेलमध्ये उचललेल्या एका लाल सायकलची. जाड टायर, पुढे स्प्रिंगा, एकवीस गिअर. दिसायला डोंगरावरची आणि आतून अगदी गल्लीतली. महिन्याभरात तिचा नट न् नट बोलायला लागला. दर रविवारी सकाळी सहा-सात हौशी माणसं पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर सायकली चढवायची आणि मागच्या दगडगोट्यांच्या वाटेनं उतरायची. दातवाला त्यांच्यात सामील झाला त्या पहिल्याच रविवारी त्याच्या सायकलचं बारसं झालं. नाव पडलं खुळखुळा, आणि ते ठेवलं बाईंनी.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. रिटायर व्हायला दोनच वर्षं उरलेली, घरी एकट्या, जीभ तिखट, आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे. त्यांची सायकल राखाडी रंगाची, चांगल्या कंपनीची. त्यांनी ती हौसेनं घेतली होती आणि जपली होती. या टोळीचा म्होरक्या एक रिटायर झालेला पोस्टमास्तर होता. शिट्टी त्याच्याकडे असायची, पण वाट बाई दाखवायच्या. दातवाला धापा टाकत टाकीपाशी पोचला की बाई बाटलीतलं पाणी पुढे करून म्हणायच्या, "या दातवाले, तुमच्या आधी तुमचा आवाज आला." दातवाल्याला आईनंतर इतक्या मायेनं कुणी चिडवलं नव्हतं.

आणि पाच महिन्यांपूर्वी त्यानं त्याच बाईंना आडवं पाडलं.

झालं असं, की खुळखुळ्याचे ब्रेक त्याला पटत नव्हते, म्हणून त्यानं चांगले महागातले ब्रेक आणले. आणले ते आणले, शनिवारी घरीच बसवले. सायकलच्या मिस्त्रीकडे न्यायची पायरी गाळली. ज्याच्या हातचा दात लोकांच्या तोंडात दहा-दहा वर्षं बसतो, त्याला चार बोल्ट आवळायला काय होतंय, असा त्याचा हिशोब. रविवारी उतारावरच्या दुसऱ्या वळणाला त्यानं ब्रेकची मूठ दाबली आणि केबल बोल्टाखालून सरळ निसटून बाहेर आली. पुढे बाई होत्या. हा मागून जाऊन आदळला. दोघंही दगडी कठड्यावर गेले. दातवाल्याची पँट फाटली. बाईंचं डावं मनगट दोन जागी मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. हॉस्पिटलात बाई म्हणाल्या, "होतं असं. जाऊ दे." त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर तो घरी जाऊन निदान जेवला तरी असता.

त्यानंतर बाई टेकडीवर आल्या नाहीत. आणि दातवाल्याला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी परत यावं. त्या आल्या, की मग त्यालाही पुन्हा माणसांत आल्यासारखं वाटणार होतं. तोवर करायचं काय? हातांना काहीतरी हवं होतं. मग तो खुळखुळ्याच्या मागे लागला. ब्रेक तीनदा बदलले, आता मिस्त्रीकडूनच. केबल बदलल्या, टायर बदलले, सीट बदललं, हँडलच्या मुठी बदलल्या. घराच्या गॅलरीत सायकल कायम उलटी, पाय वर करून पडलेली.

"तिचं अजून किती ऑपरेशन करणार आहात?" बायकोनं विचारलं.

"सेफ करतोय."

"ती सेफ झाली हो. तुम्ही कधी होणार?"

तो पाना घेऊन पुन्हा खाली बसला.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेची एक अरुंद खोली. वरून सायकली टांगलेल्या, खाली ग्रीसचे डबे, आणि मधे मिस्त्री, मान न वर करता बोलणारा. एका बुधवारी दातवाला कॅपा भट्टीत घालून तिकडे पळाला आणि म्हणाला, "डिस्क ब्रेक लावू या. दोन्ही चाकांना."

"लावू की साहेब. पण ते बसवायला फ्रेमवर कान लागतात. तुमच्या फ्रेमला कानच नाहीत."

"मग निदान पुढे तरी लाव. पुढचं चाक धरणारा फोर्क चांगला घालू, त्याला असतील कान."

"असतात. पण चांगल्या फोर्कची मान जाड. तुमच्या फ्रेमच्या गळ्यातून ती जायची नाही."

"आणि चाकं?"

"चाकं नवी घेतली तर मागच्या गिअरच्या चकत्या बदलाव्या लागतील. त्या बदलल्या की चेन. चेन बदलली की पुढच्या चकत्या रडणार."

"मग फ्रेमच बदलू."

आता मिस्त्रीनं मान वर केली. "बदला. मग जुन्यातलं राहिलं काय? घंटी. ती मी फुकट लावून देतो." मग जरा नरमून म्हणाला, "साहेब, हिच्यावर आणखी पैसे घालू नका. ब्रेक मी नीट बसवलेत, तेवढे ठणठणीत आहेत. गल्लीत, सपाटीला वापरा. टेकडीवर जायचं तर चांगल्या हातातली वापरलेली घ्या. बाईंची निघालीय ना विकायला."

"बाईंची? कधी?"

"परवाच फोन आला. म्हणाल्या, गिऱ्हाईक असलं तर सांगा. सायकल नाही आणली इकडे. म्हणाल्या, नुसते ओरखडे आहेत."

म्हणजे बाई परत येणार नव्हत्या. इतके दिवस तो मनातल्या मनात मनगटाचे दिवस मोजत होता. प्लास्टर निघालं असेल, आता व्यायाम चालू असतील, आता हात उचलत असतील. आणि त्या तिकडे सायकल विकून मोकळ्या होत होत्या. मिस्त्री पुढे काय बोलला ते त्याला ऐकू आलं नाही. तो तसाच आपल्या दातांच्या लॅबमध्ये परतला, तोवर भट्टीतल्या दोन कॅपा करपल्या होत्या.

शनिवारी दुपारी तो बाईंच्या घरी गेला. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदाच. जिना चढताना तीनदा थांबला. दार बाईंनीच उघडलं, डाव्या हातानं.

"या दातवाले. मला वाटलं, पत्ता विसरलात."

खोलीत टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग, कोपऱ्यात गुंडाळलेले नकाशे, आणि भिंतीला टेकून राखाडी सायकल. पुसून लख्ख केलेली. तिच्याकडे बघायचं धाडस होईना म्हणून तो बाईंच्या हाताकडे बघू लागला.

"मूठ पूर्ण वळते का हो?"

"वळते, दाबते, ओझं उचलते. डॉक्टरांनी दीड महिन्यापूर्वीच मोकळं केलं."

"मग विकता कशाला?"

बाईंनी उत्तरपत्रिकांचा ढीग उगाचच सारखा केला. "कंटाळा आला. या वयात किती दिवस उतारावरून उड्या मारायच्या? जिन्यानं उतरले तरी पुरे आता."

बाई आणि कंटाळा, हे काही जुळत नव्हतं. पण आपण विचारणार कोण? ज्यानं हात मोडला त्यानं कारण विचारायचं? बाई चहा टाकायला आत गेल्या आणि दातवाला सवयीनं उठला. वस्तू समोर असली की तिच्यातलं वैगुण्य शोधायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यानं मोबाईलचा दिवा लावला आणि फ्रेमवर तिरपा धरला. दातात तडा आहे का ते असंच बघतात. समोरून उजेड टाकला तर सगळं साजरं दिसतं, तिरपा टाकला की खरं काय ते दिसतं.

ओरखडे होते, पण ते वरवरचे. चाकं सरळ होती. चेन स्वच्छ होती. मग तो खाली वाकला. हँडलच्या खाली जिथे जाड नळी पुढच्या गळ्याला जोडलेली असते, तिथे खालच्या अंगाला कंपनीचं गोल स्टिकर होतं. त्याच्या कडेतून एक बारीक रेघ बाहेर आली होती. केस असेल म्हणून त्यानं बोटानं पुसली. गेली नाही. त्यानं नख आडवं फिरवलं. नख अडकलं.

असले तडे तो रोज बघत होता. अशी रेघ जिथे संपलेली दिसते तिथे ती संपलेली नसते. आणि ही पडली कुठे, कशी, हे विचारायला त्याला कुणाकडे जायची गरज नव्हती. कठड्यावर आदळताना सायकलचा हाच भाग पुढे होता. तो स्वतः मागून येऊन त्यावर पडला होता.

आता इथे कुणीही साधा माणूस म्हणाला असता, "बाई, इकडे या, हे बघा." पण दातवाला ज्या लॅबमध्ये हे काम शिकला तिथला म्हातारा मालक एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून गेला होता. भट्टीत दात तडकला तर बोभाटा करायचा नाही. डॉक्टरला सांगायचं नाही, पेशंटला तर नाहीच नाही. तडकलेला दात खिशात घालायचा, रात्रंदिवस बसून नवा करायचा, आपल्या पदरचा माल घालायचा आणि वेळेवर हसत नेऊन द्यायचा. पंचवीस वर्षं दातवाला असाच वागत आला होता आणि त्यामुळे त्याचं नावही झालं होतं. आपली चूक दुसऱ्याला दिसू न देणं म्हणजेच त्याची भरपाई, असं त्याला मनापासून वाटे.

बाई चहा घेऊन आल्या. "बघितलीत? संध्याकाळी बँकेतले एक गृहस्थ यायचेत, त्यांच्या मुलीसाठी. कॉलेजात जाते ती. पण तुम्ही घेतलीत तर मला जास्त बरं वाटेल."

"घेतो," दातवाला म्हणाला.

"अहो, किंमत तरी ऐका." बाईंनी किंमत सांगितली.

"ठीक आहे."

"घासाघीस नाही? ओरखडे आहेत बरं का."

"दिसले."

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, वर्गात कॉपी करणाऱ्या मुलीकडे पाहावं तसं. "दातवाले, उपकार करत असाल तर करू नका. मला ते खपत नाही."

"उपकार कसले? माझी सायकल बघितलीय ना तुम्ही?"

त्यावर त्या हसल्या. चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "एक अट आहे. हिला अडगळीत टाकायचं नाही. रविवारी ही टेकडीवर दिसली पाहिजे. मी नसले तरी ही असू दे तिथे."

दातवाल्यानं मान डोलावली. चहा कडू होता की गोड, ते त्याला घरी पोचेपर्यंत आठवेना.

घरी पोचला म्हणजे घरी नाहीच, तो आधी लॅबमध्ये गेला. ढकलत ढकलत नेली सायकल, बसायची छाती नव्हती. लॅबच्या मागच्या भिंतीला दातांचे साचे ओतायच्या प्लास्टरच्या पावडरीची पोती रचलेली होती. त्यांच्या मागे त्यानं सायकल उभी केली आणि वर चादर टाकली. जिवंत सायकल अडगळीत टाकायची नव्हती. ही तर मेलेलीच होती, असं त्यानं मनाला बजावलं. मनाला ते पटलं नाही.

रविवारी तो खुळखुळा घेऊन टेकडीच्या पायथ्याशी आला. पोस्टमास्तर शिट्टी तोंडातून काढून म्हणाला, "काय रे, बाईंची सायकल घेतलीस ना म्हणे? आणि हे काय आणलंस पुन्हा?"

"एक पार्ट यायचाय."

"कुठला पार्ट?"

"बारीकसा आहे. लवकर मिळत नाही."

पुढच्या रविवारी पार्ट चुकीचा आला. त्याच्या पुढच्या रविवारी पार्टवाल्याच्या घरी कुणीतरी आजारी पडलं. पोस्टमास्तरानं सगळी हयात लोकांची पत्रं हाताळण्यात घालवलेली; खोटं पाकीट त्याला वासावरून कळायचं. त्या दिवशी त्यानं दातवाल्याला सगळ्यांच्या मागे ठेवलं, आणि मधे चांगलं पन्नास फुटांचं अंतर.

बायकोपासून काही लपत नव्हतं. ती एकदा डबा द्यायला लॅबमध्ये आली आणि तिनं चादर उचलली. मग त्याला सगळं सांगावं लागलं.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.

"पैसे परत करतील."

"करू देत की. प्रायश्चित्त काय तुमचं औषध आहे, रोज घ्यायलाच पाहिजे?"

"तसं नाही गं. हात मोडला माझ्यामुळे. सायकल मोडली माझ्यामुळे. आता जाऊन सांगू, बाई, तुमची एवढी जपलेली सायकलसुद्धा मीच संपवली? त्यांना बिचाऱ्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं?"

"वाईट त्यांना वाटेल का तुम्हाला?" बायको चादर नीट घालत म्हणाली. "अहो, तुम्ही तोंडात दात बसवून देता लोकांच्या. स्वतःचं तोंड एकदा उघडून बघा."

ती गेली आणि दातवाला खिडकीपासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून खिडकीपर्यंत चालत राहिला. ठरवायचा, उद्या सांगू. उद्या आला की डॉक्टरांचा फोन यायचा, घाईचं काम निघायचं, आणि तो मनातून सुटकेचा निःश्वास टाकायचा. भित्रेपणालाही कामाचा आधार लागतो. तो त्याच्याकडे भरपूर होता.

शेवटी बाईच आल्या. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाची असते, दुपारी एकच्या सुमारास दार वाजलं आणि खांद्याला पिशवी लावून बाई दारात उभ्या. दातवाल्याच्या हातात एक पुढचा दात होता, तो टेबलाखाली घरंगळला.

"उठू नका," बाई म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे. पोस्टमास्तर भेटले बाजारात. तीन रविवार झाले, माझी सायकल तुम्ही काढलीच नाहीत म्हणे."

"बाई, एक पार्ट..."

"पार्टचं मला सांगू नका. त्या सायकलचा एकेक स्क्रू मला ठाऊक आहे." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "मी त्या दिवशीच म्हणाले होते, उपकार नकोत. तुम्हाला ती नको होती. मनाला लागलंय म्हणून पैसे देऊन गेलात, दंड भरल्यासारखे. मला दंड नको, दातवाले. मी पैसे आणलेत. सायकल द्या. त्या बँकवाल्यांची मुलगी अजून विचारतेय. निदान ती चालवेल तरी."

कॉलेजातली मुलगी, टेकडीचा उतार आणि ती रेघ. दातवाल्याच्या डोळ्यांसमोर ते एकदम उभं राहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही देणार."

"का?"

तो उठला. पोती बाजूला ओढली, चादर काढली आणि सायकल टेबलापाशी आणून उलटी केली. नखानं ते गोल स्टिकर सोलून काढलं. खालून रेघ निघाली ती त्यालाही अपेक्षा नव्हती एवढी लांब. नळीच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. त्यानं कामाचा दिवा तिरपा केला, भिंग त्यावर आणलं आणि बाजूला सरकला.

बाई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कधीचं?"

"त्याच दिवसाचं. माझंच."

"तुम्हाला कधी दिसलं?"

"तुम्ही चहा करत होता तेव्हा."

तो मान खाली घालून उभा राहिला. आता बोलणी खायची होती आणि ती खायला तो मनापासून तयार होता. पण बाईंनी वेगळंच विचारलं. विचारताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"यानं काय होतं? म्हणजे ब्रेक दाबला तर? पुढचं चाक डावीकडे ओढेल का?"

"ओढणारच. ब्रेक दाबला की सगळा जोर इथेच येतो. तडा उघडतो, गळा हलतो. हँडल थरथरणार आणि चाक बाजूला जाणार."

"थरथरणार," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

भट्टी गुरगुरत होती. बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हात मोकळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले होते टेकडीवर. पहाटेच, कुणी बघायच्या आत. चढले झकास. उतारावर पहिला ब्रेक दाबला आणि हँडल थरथरायला लागलं. मला वाटलं, माझेच हात थरथरताहेत. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. सायकल कठड्याकडे निघाली. मी उतरले आणि ढकलत खाली आले. चार वेळा गेले, दातवाले. चारही वेळा ढकलत आले. शेवटच्या वेळी वाटेत बसून रडले. आयुष्यात कशाला घाबरले नव्हते, म्हटलं, शेवटी आलं ते म्हातारपण आलं, आणि ते हातात आलं. कुणाला सांगणार? म्हणून कंटाळा आला असं सांगितलं."

दातवाल्यानं भट्टी बंद केली.

"तेव्हापासून वर्गात खडू धरतानासुद्धा बघते, हात कापतोय का," बाई म्हणाल्या. "जिना उतरताना कठडा धरते. रस्ता ओलांडताना थांबते. आणि तीन आठवडे तुम्हाला माहीत होतं!"

"बाई, मला वाटलं, तुम्हाला वाईट..."

"तुम्हाला वाटलं!" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "हात मोडलात त्याचं मला काही वाटलं नाही. तो अपघात होता. पण हे तुम्ही ठरवून केलंत. माझं मला कळू दिलं नाहीत. त्या दिवशी माझ्या घरात एक शब्द बोलला असतात, 'बाई, फ्रेम तडकलीय', तर मी तिथल्या तिथे नाचले असते!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. दातवाल्याला पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं, की त्यानं खिशात घालून लपवलेल्या तड्यात दुसऱ्या कुणाचंसुद्धा काही अडकलेलं असू शकतं. त्याला भयंकर लाज वाटली. तो म्हणाला, "चुकलो, बाई."

बाईंनी पिशवीतून पैशांचं पाकीट काढून टेबलावर आपटलं. त्यानं हात जोडले, पण त्या ऐकेनात. मग चष्मा घातला आणि इकडेतिकडे पाहिलं. "तुमचा खुळखुळा कुठाय?"

"बाहेर."

"ब्रेक कुणी बसवलेत?"

"मिस्त्रीनं. शपथेवर."

बाई बाहेर गेल्या. खुळखुळ्याचं सीट त्यांना उंच होतं, त्या तशाच बसल्या, शाळेच्या कपड्यांत, पिशवी पाठीला. गल्ली जरा उताराची होती. वीसेक पॅडल मारून त्यांनी विजेच्या खांबापाशी हलकेच ब्रेक दाबला. सायकल सरळ थांबली. त्या वळल्या, वर आल्या, पुन्हा सुटल्या. आता जोरात दाबला. मागचं चाक जरासं घासलं, हँडल तसूभर हललं नाही. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून मान बाहेर काढली. बाई पुन्हा वर आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हात एकटाच ब्रेकच्या मुठीवर ठेवला, आत पट्टी असलेला, आणि दाबला. मग सीटवर बसल्या बसल्याच तो हात डोळ्यांसमोर धरून, बोटं पसरून, उलटा-सुलटा करून पाहिला.

"घाबरले नव्हते मी," त्या म्हणाल्या. दातवाल्याला नव्हे, कुणालाच नव्हे.

चौथ्या वेळी त्या खांबापाशी थांबल्याच नाहीत. पुढे कोपऱ्यावर डावीकडे बाजार, उजवीकडे टाकीचा रस्ता. त्या उजवीकडे झुकल्या. दातवाला हातातलं भिंग तसंच घेऊन कोपऱ्यापर्यंत धावत गेला. पुढे दगडगोटे, सीट उंच, फोर्क तो जुनाच, सगळं त्याच्या डोक्यात एकाच वेळी आलं, आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "बाई, सावकाश!"

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीत," त्या तिकडूनच ओरडल्या, "आता गप्प बसा!" आणि गिअर पाडून चढाला लागल्या.